रव्याचा भाऊ

स्पीकरच्या जाळीत चिमटा घालून सर्व्हेअर बाईंनी एक वाळकी पाकळी अलगद बाहेर काढली आणि तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरली. झेंडूची पाकळी होती.

"फुलं वाहता का यावर?" बाईंनी विचारलं. त्यांचं नाव मनस्विनी. जळालेला सेट पाहून अहवाल द्यायला विमा कंपनीनं त्यांना नांदेडहून लातूरला पाठवलं होतं. वयानं लहान, बोलायला मऊ, पण नजर सोनाराची.

"बुद्धपौर्णिमेला हार आणले होते घरात," रविकांत म्हणाला. "पोराटोरांनी खेळताना टाकली असेल एखादी."

घरात पोरंटोरं कुठली? एकुलता एक मुलगा प्रेम, तो पुण्याला नोकरीला. त्याची आई लुंबिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि ती चहा टाकायला आत गेली.

पाकळी कुठली ते रविकांतला पक्कं ठाऊक होतं. ती त्याच्या गावच्या, मुरुडच्या लग्नमांडवातली होती. आणि सेटनं घराचा उंबरा कधी ओलांडलाच नाही, असं तर तो सकाळपासून छातीठोकपणे सांगत होता. खाई त्याला खवखवे म्हणतात ते हेच.

रविकांत म्हणजे काही बनेल माणूस नव्हे. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. दारू नाही, पत्ते नाहीत, चिमूटभर तंबाखूसुद्धा नाही. शौक म्हणाल तर एकच, आवाजाचा. तोही मोठ्या आवाजाचा नव्हे, स्वच्छ आवाजाचा. लहानपणी मुरुडला त्यांच्या वस्तीत जयंतीला कडुलिंबावर भोंगा बांधायचे. त्यातून गाणं कमी आणि करकर जास्त यायची, पण हे पोरगं भोंग्याच्या बुडाशी दिवसभर बसून असायचं. त्यानं तेव्हाच मनात ठरवलं होतं की मोठेपणी एकदा तरी गाणाऱ्याचा घसा ऐकायचा, पत्रा नाही. नोकरीची बरीचशी वर्षं सरल्यावर त्यानं तो सेट घेतला. दोघांनी उचलावा असा अँप्लिफायर आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर. ऑफिसात थट्टा व्हायची की लोक म्हशीच्या किमतीचा टीव्ही घेतात, रविकांतनं गोठ्याच्या किमतीचा रेडिओ घेतला.

आणि ज्याचा घसा त्याला ऐकायचा होता, तो दुसरातिसरा कुणी नव्हता, त्याचा थोरला भाऊ होता. व्यंकटराव. अण्णा. तरुणपणी गायनपार्टीत गायचा. मुरुड, औसा, पार हदगावपर्यंत त्याला बोलावणी यायची. पुढं घसा बसला आणि शेत तेवढं राहिलं. त्या दिवसांतली एक जुनी कॅसेट रविकांतनं जिवापाड जपली होती. तिच्यावरचं गाणं त्यानं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि सेट आला त्याच आठवड्यात अण्णाला लातूरला बोलावून ऐकवलं. सोफा सोडून अण्णा फरशीवर बसला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "ह्यो म्याच का रं? दम घेतलेला बी ऐकू यायलाय की."

त्या दिवसापासून सेटचं नाव पडलं 'रव्याची पेटी'. मुरुडला ज्याला त्याला अण्णा तिचं कौतुक सांगत सुटला.

अण्णाचा स्वभावच तो. धाकट्या भावाचं नाव त्याच्या तोंडात सुपारीसारखं असायचं. रविकांत लातूरला वसतिगृहात होता तेव्हा अण्णा भाकरी घेऊन यायचा आणि फाटकावर कुणी हटकलं की म्हणायचा, म्या रव्याचा भाऊ. पुढं ऑफिसात यायचा, शिपायाला सांगायचा, म्या रव्याचा भाऊ. मोबाईल आल्यावर तर कहर झाला. दर रविवारी अण्णाचा फोन यायचा, आणि फोन खुद्द रविकांतनंच उचललेला असला तरी पलीकडून ठरलेलं वाक्य यायचं, "हॅलो, म्या रव्याचा भाऊ बोलायलो." रविकांत म्हणायचा, अण्णा, अरे मीच रव्या आहे. तर अण्णा म्हणायचा, ते हाय रं, पण सांगावं लागतं. लुंबिनी पदर तोंडाला लावून हसायची.

आता विम्याचं. भूकंप पाहिलेल्या लातूरकराला घराचा विमा काढ म्हणून सांगावं लागत नाही. कर्ज फिटलं तसा रविकांतनं घराचा विमा उतरवला, आणि सेट आल्यावर तोही त्यात घालायचा म्हणून बसवराजला बोलावलं. बसवराज शाळासोबती आणि विम्याचा एजंट. त्यानं नीट समजावलं. घराच्या विम्यात भांडीकुंडी, पंखे, कपाटं येतात, पण एवढी महागाची वस्तू अशीच धरत नाहीत. तिचं नाव, नंबर, बिल जोडून ती वेगळी लिहून द्यावी लागते, विजेच्या बिघाडाचं कलम वेगळं घ्यावं लागतं. आणि एक गोष्ट, वस्तू घरात पाहिजे. बाहेर नेली, कुठल्या समारंभात वाजवली, की विमा सरला. रविकांत हसला होता. माझी पेटी कुठं जाते बाहेर, म्हणाला होता.

देवाशपथ सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता. पण उन्हाळ्यात अण्णाच्या नातीचं, मंजुश्रीचं लग्न निघालं. फोन आला, म्या रव्याचा भाऊ बोलायलो, आणि लग्नाला येताना पेटी घेऊन ये. विचारलं नाही, सांगितलं. मागणाऱ्याला नाही म्हणता येतं, हक्कानं सांगणाऱ्याला काय म्हणणार? आणि मांडवात डीजे लावायचा नाही, पाहुण्यांना रव्याच्या पेटीवर माझं गाणं ऐकवायचं, असं अण्णानं सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. रविकांतनं दोन्ही स्पीकर गोधड्यांत गुंडाळले आणि टेम्पोत लेकरासारखे धरून मुरुडला नेले.

लग्न लागलं. फुलं उधळली गेली. मग अण्णाचं गाणं लागलं. मांडव असा चिडीचूप झाला की पंगतीतल्या वाढप्यांनीही बादल्या खाली ठेवल्या. म्हातारी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसून सांगत होती, व्यंकटराव हाय, व्यंकटराव. मागचे ओरडले, आवाज वाढवा. कुणीतरी वाढवला. अजून वाढवा. अण्णा फेटा सावरत मधोमध उभा, एक हात वर, स्वतःच्याच गाण्याला ताल देत. तेवढ्यात मांडववाल्याच्या जनरेटरनं उसळी खाल्ली, फट् असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि गाणं ओळीच्या मध्येच तुटलं. अण्णाचा हात तसाच वर राहिला.

"पेटीला काय झालं रं?" त्यानं विचारलं. चेहरा असा की पाहवेना.

"काही नाही अण्णा," रविकांत म्हणाला. "तिचा विमा आहे."

बोलून गेला बिचारा. भावाच्या नातीच्या लग्नात, भावाच्या तोंडावरची कळा पाहून दुसरं काय बोलणार होता? पण लातूरला परत आल्यावर बसवराजनं कपाळाला हात लावला. "विमा हाय," तो म्हणाला, "पण मांडवात न्हाई."

मग त्यानंच तोड काढली. जूनच्या वादळात कॉलनीतल्या डीपीवर वीज पडली आणि शेजारपाजारचे टीव्ही, फ्रीज जळाले. आयतंच घडलं होतं. आपलाही सेट त्यातच गेला म्हणायचं, शेजारी साक्षीला आहेतच. घरात होता, घरातच जळाला, बस्स. लुंबिनीनं विचारलं, सकाळ-संध्याकाळ मुसावादा वेरमणी म्हणता, खोटं बोलणार नाही म्हणून शील घेता, त्याचं काय? रविकांत म्हणाला, वंदना वेगळी, व्यवहार वेगळा. अण्णाला मात्र यातलं काही कळवलं नाही. मुरुडच्या विहारात अण्णा पुढं बसून सगळ्यांना पंचशील द्यायचा. त्याच्या तोंडून खोटं निघायचं नाही, आणि निघालं तरी ते त्याच्या तोंडावर दिसलं असतं.

तर पाकळी मनस्विनी बाईंनी कागदाच्या पुडीत ठेवली. अँप्लिफायर उघडून पाहिला, फोटो काढले. जळालंय ते व्होल्टेजनंच, एवढं त्या म्हणाल्या, तेव्हा रविकांतला जरा हायसं वाटलं. आता फक्त जबाब लिहून घ्यायचा राहिला होता. तेवढ्यात फाटक वाजलं.

दारात अण्णा उभा. खांद्यावर ज्वारीचं अर्धं पोतं, हातात पिशवी, पिशवीतून पाडाच्या गावरान आंब्यांचा वास. बसस्टँडवरून चालत आला असणार. धोतर चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेलं, बंडी घामानं अंगाला चिकटलेली. पेटी जळाल्यापासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं. विमा आहे म्हटलं तरी आपल्या मांडवात जळाली ती जळाली, रिकाम्या हातानं भावाला तोंड कसं दाखवायचं म्हणून घरचं जे होतं ते घेऊन आला होता. खोलीत मांडलेले उघडे स्पीकर त्यानं पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. पेटी दुरुस्त व्हायला लागली असंच त्याला वाटलं.

"बरं झालं ताई आल्या ते," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "त्या दिशी मांड..."

"थांबा," रविकांत म्हणाला.

थांबा. उभ्या जन्मात त्यानं अण्णाला थांबा म्हटलं नव्हतं. थांब म्हटलं होतं, गप म्हटलं होतं, लाडात येऊन चार शिव्याही घातल्या होत्या. अण्णा गोंधळून पाहत राहिला.

मनस्विनी बाईंनी मान वर केली. "हे घरातलेच का? घरात राहणाऱ्या सगळ्यांना मला दोन-दोन प्रश्न विचारावे लागतात."

"नाही, नाही," रविकांत घाईनं म्हणाला. "हे गावाकडचे. आमच्या शेताचे वाटेकरी."

आता हा शब्द कसा आहे पाहा. बापाच्या जमिनीत भाऊही वाटेकरीच असतो, तलाठ्याला विचारा, तोही हेच सांगेल. पण चारचौघांत 'शेताचे वाटेकरी' म्हटलं की ऐकणाऱ्याला एकच माणूस दिसतो, दुसऱ्याची जमीन अर्धेलीनं कसणारा. रविकांतला तो शब्द कसा सुचला कोण जाणे. बोलता बोलता त्याच्या मनानं हिशेबही मांडून टाकला की हे काही खोटं नव्हे. शब्द खरा होता, हीच तर त्याची चलाखी. आणि अण्णाला दोन्ही अर्थ ठाऊक होते. भावानं त्यातला कुठला उचलला, तेही त्याला कळलं.

त्यानं पोतं हळूच खाली उतरवलं. एकदा रविकांतकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर रविकांतनं पुढं सोसला असता. अण्णा फक्त त्याला निरखत होता, अनोळखी गावात उतरल्यावर माणूस पाट्या वाचतो तसं.

"हाव ताई," तो बाईंना म्हणाला. "सायबाचं रान वाट्यानं करतो म्या."

आणि तो मागं सरला. चिखलाचे पाय सतरंजीला लागू नयेत म्हणून नव्हे, ते तर त्यानं आजवर किती वेळा लावले होते आणि लुंबिनीनं हसून पुसले होते. तो पार ओसरीत गेला, चपलांपाशी, आणि हात पुढं बांधून उभा राहिला. परक्याच्या दारात कसं उभं राहायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. लहानपणापासून तेच तर केलं होतं. रव्याला ते करावं लागू नये म्हणून जास्तच केलं होतं.

लुंबिनी पाणी घेऊन बाहेर आली. अण्णा, आत या, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण अण्णानंच मान हलवून तिला थांबवलं. तांब्या घेतला, उभ्यानंच पाणी प्याला, तांब्या कठड्यावर ठेवला.

आत रविकांत जबाब देत होता. सेट कुठं होता? घरात. बाहेर कधी नेला होता का? नाही. प्रत्येक उत्तराबरोबर त्याचं लक्ष ओसरीकडे जात होतं आणि तिकडून काही आवाज येत नव्हता. शेवटी त्यानं सही केली.

जाताना मनस्विनी बाई ओसरीत थांबल्या. सहज विचारावं तसं त्यांनी अण्णाला विचारलं, बाबा, हा सेट कधी बाहेर नेताना पाहिला होता का?

"न्हाई ताई," अण्णा म्हणाला. "सायब लई जपतेत पेटीला. आमाला हात बी लावू देत न्हाईत."

बाई गेल्या. फाटक लागलं. बाईंना कोपऱ्यापर्यंत सोडून रविकांत ओसरीत परतला आणि अण्णा, अरे काय सांगू, असं काहीतरी बोलू लागला. अण्णा रिकाम्या पोत्याची घडी घालत होता. ज्वारी त्यानं स्वतःच डब्यात ओतून दिली होती, लुंबिनी नको नको म्हणत असताना. आंबे पिकले की खा, एवढं तो तिला म्हणाला. जेवायला थांबा म्हणून ती रडकुंडीला आली, तर बस जाईल म्हणाला आणि निघाला. मुरुडला तासातासाला बस असते, हे तिघांनाही माहीत होतं.

अण्णा कोपऱ्यावरून वळेपर्यंत लुंबिनी फाटकात उभी राहिली. मग आत येऊन तिनं एकच विचारलं.

"भाऊ आहे म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

रविकांत समजावू लागला. अण्णा मांडवाचं बोलणार होता, सगळं उघडं पडलं असतं...

"बाईनं घरात राहणारे विचारले होते," लुंबिनी म्हणाली. "भाऊ आहे, मुरुडला राहतो. एवढंच की. पेटीचं झाकायला भावाला कशाला झाकलंत?"

उत्तर होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. दिवसभर ते त्याला आतून कुरतडत राहिलं आणि शेवटी त्यानं स्वतःशी कबूल केलं. विमा नुसता निमित्ताला होता. दारात ते चिखलाचं धोतर, ते पोतं, तो घामाचा वास, आणि समोर त्या नीटनेटक्या बाई, सर सर म्हणणाऱ्या. त्या क्षणी त्याला भावाची लाज वाटली होती. ज्या भावानं जिथं जाईल तिथं आधी याचं नाव सांगितलं, त्या भावाची. आता त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की आरशासमोर भांग पाडायला उभं राहायचं, तेही तो टाळू लागला.

रविवार आला, अण्णाचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. रविकांतनं लावला तर सरजाबाई वहिनींनी उचलला. ते रानात गेल्यात, म्हणाल्या. नंतर कधी ते विहारात असायचे, कधी बाजारात.

क्लेम मंजूर झाल्याचं सांगायला बसवराज पेढे घेऊन आला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो हसत म्हणाला. रविकांतला पेढा गिळवेना. बसवराज गेल्यावर त्यानं नांदेडला फोन लावला आणि मनस्विनी बाईंना सगळं सांगून टाकलं. सेट लग्नात नेला होता, तिथं जळाला, मला क्लेम नको. बाई म्हणाल्या, तसं पत्र द्या, केस बंद करते.

"अजून एक," रविकांत म्हणाला. "त्या दिवशी जे ओसरीत होते, ते वाटेकरी नव्हते. माझे थोरले भाऊ."

"ते रिपोर्टमध्ये नाहीच, सर," बाई म्हणाल्या. "त्याची काही दुरुस्ती लागणार नाही."

पत्र टाकलं आणि रविकांत मुरुडला गेला. सोबत लुंबिनी. त्याला वाटत होतं, पेटीवर पाणी सोडलंय, आता अण्णापुढं उभं राहता येईल. अण्णा अंगणात दोरी वळत बसला होता. उठला, बाज टाकली, पाणी दिलं. रविकांतनं सगळं सांगितलं, चुकलं म्हणाला, पाया पडला. अण्णानं त्याला खांद्याला धरून उठवलं.

"त्यात काय," तो म्हणाला. "वाटेकरीच हाव की आपण." आणि हसलासुद्धा. मग त्याच्याकडेच पाहून म्हणाला, "जेवून जावा."

वहिनींनी भाकरी-वरणाबरोबर शेंगदाण्याची चटणी वाढली. लुंबिनी चुलीपाशी बसली तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, हल्ली ते वंदनेला पुढं बसत न्हाईत. पंचशील दुसऱ्यालाच द्यायला लावतेत. मागं भितीशी बसतेत. कामून ते सांगत न्हाईत. लुंबिनीला ते सांगावं लागलं नाही. परतीच्या बसमध्ये रविकांत हलका होऊन खिडकीतून सोयाबीनची रानं पाहत होता. सगळं मिटलं, म्हणाला. लुंबिनीनं मात्र 'जेवून जावा' ऐकलं होतं. रव्याला कुणी जावा म्हणतं का? जा म्हणतात.

पेटी तशीच राहिली. रविकांतनं तिच्यावर चादर टाकली. कुणी विचारलं की म्हणायचा, दुरुस्तीला माणूस मिळत नाही. पेनड्राइव्ह कपाटात होता. ते गाणं वाजवायला कुठलाही साधा डबा चालला असता, पण त्यानं लावलं नाही.

संक्रांत सरली. एका दुपारी ऑफिसात तो फायलींच्या गठ्ठ्यामागं बसला होता. नवीन बदलून आलेले साहेब त्याच्या टेबलाशी उभे राहून कसलीशी मंजुरी पाहत होते. टेबलावरचा मोबाईल वाजला. अण्णा. कितीतरी महिन्यांनी अण्णाचा नंबर दिसला आणि रविकांतनं साहेबांची माफीही न मागता फोन कानाला लावला. ते ठरलेलं वाक्य ऐकायला त्याचे कान आसुसले होते. अरे मीच रव्या आहे, हे आपलं उत्तरही त्यानं ओठांवर तयार ठेवलं होतं.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "मुरुडहून व्यंकटराव बोलायलो."

रविकांतच्या ओठावरचं उत्तर तिथंच राहिलं.

"तूर झाली. तुमचा वाटा काढून ठेवलाय. काट्यावर मोजून घेतलाय, बराबर निम्मा हाय. सवडीनं माणूस धाडा."

तूर अण्णानं आजवर कधी मोजली नव्हती. घरचं हाय, घे, म्हणून डोळे झाकून पोती टाकायचा, आणि ती निम्म्याहून नेहमीच जास्त भरायची. रविकांतला ओरडून सांगायचं होतं, अण्णा, मोजू नको रे, मला निम्मं नको.

"अण्णा," तो कसाबसा म्हणाला. "म्या... म्या व्यंकटरावाचा भाऊ बोलायलो."

किती वर्षांनी त्याच्या तोंडात ती बोली आली होती. पलीकडे काहीच आवाज नव्हता. त्यानं फोन कानावरून काढून पाहिला. अण्णाचं नेहमीचंच होतं. स्वतःचं बोलून झालं की फोन ठेवायचा, पुढचं ऐकत बसायची सवय नव्हती.

"कोण होतं हो?" साहेबांनी फायलीतून वर न पाहता विचारलं.

"माझा भाऊ," रविकांत म्हणाला.

जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला असावा. पलीकडच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. दाराशी स्टुलावर बसलेल्या शिपायानंही वळून पाहिलं. साहेब बरं म्हणाले, त्यांनी फाईल पुढं सरकवली आणि सही कुठं करायची ते विचारलं. रविकांतनं बोट ठेवून जागा दाखवली.